दुसऱ्यांदा पाहणे : अभिजात चित्रपट आणि रसास्वादाची पार्श्वभूमी

जुना, नावाजलेला चित्रपट पाहिल्यावर पुढचे सगळेच चित्रपट वेगळ्या नजरेने पाहिले जातात, असा अनुभव अनेक प्रेक्षक सांगतात. त्याचे श्रेय सहसा त्या चित्रपटाच्या थोरवीला दिले जाते आणि ते पूर्णपणे चूकही नाही. परंतु इतिहासाकडे पाहिले तर त्यामागे आणखी एक गोष्ट उभी असलेली दिसते : तोच चित्रपट पुन्हा पाहायला मिळण्याची सोय. ही सोय चित्रपटाबरोबर जन्माला आलेली नाही. ती काही हट्टी माणसांनी, काही संस्थांनी आणि काही प्रमाणात योगायोगाने, पन्नास-साठ वर्षांच्या खटपटीतून उभी केली, आणि रसास्वाद नावाची शिस्त तिच्याच आधाराने वाढली.

28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपल्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे चित्रपट हा नाशवंत माल होता. प्रती फिरत, झिजत, तुटत आणि नवा माल आला की जुन्याची किंमत त्यातल्या चांदीपुरती उरे, कारण फिल्मवरच्या रसायनातील चांदी काढून विकता येत असे. ती फिल्मही नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी आणि नीट न ठेवल्यास आपोआप कुजणारी. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाच्या अनेक चित्रपटांचे सेल्युलॉइड पहिल्या महायुद्धाच्या काळात वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचांसाठी वापरले गेले आणि उरलेल्या मूळ फिल्म 1923 मध्ये त्याने स्वतःच वैतागून जाळल्या. बोलपट आल्यावर तर मूकपटांना कोणी वालीच उरला नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 1912 ते 1929 या काळातील सुमारे 11,000 अमेरिकी दीर्घ मूकपटांपैकी जेमतेम 14 टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरले आहेत आणि सुमारे 70 टक्के कायमचे गेले आहेत. आज ज्यांना आपण अभिजात म्हणतो त्यांची निवड केवळ गुणांवर झालेली नसून आगीतून आणि भंगारातून जे वाचले त्यांतूनच ती झालेली आहे, हे त्यामुळे आधीच मान्य करावे लागते.

एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून त्याची रचना समजून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न टंचाईतून झाला. 1919 मध्ये मॉस्कोत जगातील पहिली चित्रपटशाळा निघाली तेव्हा यादवी युद्ध सुरू होते आणि कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. त्याच वर्षी अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'इनटॉलरन्स' हा 1916 सालचा चित्रपट तिथे दाखवला गेला. चार वेगवेगळ्या काळांतील कथा एकमेकींत गुंफणारा हा चित्रपट अमेरिकेत आर्थिकदृष्ट्या आपटला होता, पण या शाळेतला शिक्षक लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याचे तुकडे सुटे करून, जागा बदलून, पुन्हा जोडून पाहिले, असे सांगितले जाते. चित्रीकरण करता येत नव्हते म्हणून संकलनाचा अभ्यास झाला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सूपच्या वाडग्याला, मग शवपेटीला, मग एका स्त्रीच्या दृश्याला जोडल्यावर प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, हा कुलेशोव्हच्या नावावरचा प्रसिद्ध प्रयोग याच वातावरणातला. तो चेहरा इव्हान मोझुखिनचा होता. अर्थ चित्रात असतो तेवढाच दोन चित्रांच्या सांध्यात असतो, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला पुढे कोणताही चित्रपट नुसता कथेसाठी पाहणे अवघड जाते.

पश्चिम युरोपात हेच काम सिनेक्लबांनी वेगळ्या वाटेने केले. 1920 नंतरच्या पॅरिसमध्ये समीक्षक-दिग्दर्शक लुई देल्युक आणि त्याच्या समकालीनांनी चित्रपटावर गंभीरपणे बोलण्याची प्रथा पाडली. लंडनमध्ये 1925 च्या ऑक्टोबरात 'फिल्म सोसायटी'चे रविवारचे खेळ सुरू झाले आणि तिच्या पाठीराख्यांत बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स होते. सभासदांपुरते खेळ असल्यामुळे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट टाळता येई. म्हणूनच 'बॅटलशिप पोटेम्किन' हा सोव्हिएत आणि ब्रिटनमध्ये जाहीर प्रदर्शनास बंदी असलेला चित्रपट 1929 मध्ये तिथे पाहता आला. या क्लबांचे दुर्मीळ चित्रपट दाखवणे सर्वांना आठवते. मला त्यांची दुसरी सवय जास्त मोलाची वाटते. नव्याच्या शेजारी जुना चित्रपट मुद्दाम लावायचा आणि खेळ संपल्यावर लगेच घरी न जाता बोलायचे, ही ती सवय.

त्या लंडनच्या संस्थेच्या संस्थापकांतील आयरिस बॅरी पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि 1935 मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागाच्या पहिल्या संग्रहपाल झाल्या. जुने चित्रपट मिळवणे, टिपणांसह त्यांचे कार्यक्रम बांधणे आणि ते महाविद्यालयांकडे, संग्रहालयांकडे पाठवणे हा त्यांचा उद्योग. प्रेक्षकांना मात्र जुन्या चित्रपटांकडे गंभीरपणे पाहण्याची सवय नव्हती. लोक हसत, शेरे मारत, भांडत. शेवटी बॅरींनी एक पारदर्शिका तयार करून घेतली : गोंधळ थांबला नाही तर खेळ बंद केला जाईल, अशी सूचना चालू खेळात पडद्यावर झळकवायची. या हसण्यात प्रेक्षकांचा दोष अर्धाच होता. मूकपट सेकंदाला सुमारे 16 ते 20 चित्रांच्या, काही वेळा त्याहून अधिक, वेगाने घेतलेले असत आणि बोलपटांच्या यंत्रांचा वेग सेकंदाला 24 चित्रे असा ठरून गेला होता. त्या यंत्रांवर लावलेल्या मूकपटांतील माणसे तुरुतुरु धावताना, हातवारे करताना दिसत आणि लोकांना तो जुन्या काळचा बावळटपणा वाटे. अभिजात कृतीचा आस्वाद ती ज्या अवस्थेत दाखवली जाते तिच्यावर किती अवलंबून असतो, हे यातून कळते. योग्य वेग, पूर्ण चौकट, स्वच्छ प्रत या गोष्टी तांत्रिक म्हणून बाजूला टाकता येत नाहीत.

1936 मध्ये पॅरिसमध्ये हेन्री लांग्लुआ आणि जॉर्ज फ्रांजू यांनी 'सिनेमातेक फ्रान्सेज' ही जुने चित्रपट जमवून दाखवणारी संस्था काढली. 1938 मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन येथील चार संग्रहांनी मिळून चित्रपट-संग्रहांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. लंडनच्या संग्रहाचे प्रमुख अर्नेस्ट लिंडग्रेन यांचा भर जतनावर होता : प्रत यंत्रावर चढली की झिजते, म्हणून आधी सांभाळा. लांग्लुआंना फिल्म दाखवली नाही तर ती मेल्यासारखीच वाटे. वाद दोन्ही बाजूंनी खरा होता आणि जगभरच्या अभिलेखागारांत तो आजही मिटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लांग्लुआंच्या साठेक आसनांच्या छोट्या सभागृहात त्रुफो, गोदार, रिव्हेत, रोमेर ही पुढे दिग्दर्शक झालेली मुले रोज येऊन बसू लागली. पुष्कळदा परदेशी चित्रपटांना उपशीर्षके नसत आणि मूकपटांना संगीत नसे. संवाद कळत नाहीत म्हटल्यावर डोळा आपोआप कॅमेऱ्याच्या हालचालीकडे, नटांच्या जागांकडे, प्रकाशाकडे वळतो. गैरसोयीने असे शिक्षण देणारी दुसरी शाळा शोधूनही सापडणार नाही.

पुन्हा पाहण्यामुळे एखाद्या चित्रपटाचे आणि त्याच्या प्रेक्षकाचेही काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' हे आहे. 1941 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा समीक्षकांनी नावाजला, पण केनचे पात्र ज्याच्यावर बेतले आहे असे मानले जाते त्या वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या विरोधामुळे त्याला पुरेशी चित्रपटगृहे मिळाली नाहीत आणि तो तोट्यात गेला. नऊ नामांकनांपैकी एकच ऑस्कर मिळाले, तेही पटकथेचे. वेल्स तेव्हा पंचविशीत होता आणि आपण जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' चाळीसहून अधिक वेळा पाहून दिग्दर्शन शिकलो, असे तो सांगत असे. हा आकडा थोडा फुगवलेला असेलही, कारण स्वतःविषयी बोलताना वेल्स हात आखडता घेणारा नव्हता.

त्यातील एक दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. लहानगा चार्ल्स, म्हणजे पुढचा केन, बाहेर बर्फात खेळतो आहे. कॅमेरा हळूहळू खिडकीतून आत सरकत मागे येतो आणि आई, वडील आणि मुलाला घेऊन जायला आलेला बँकवाला यांच्यासह खोली ओलांडून टेबलापाशी थांबतो. आई सही करते, वडील कुरकुरतात, पैशांचे बोलणे होते. या सगळ्या वेळात दूर मागे, खिडकीच्या चौकटीत, तो मुलगा बर्फात ओरडत खेळतच असतो आणि पुढच्या मोठ्या माणसांइतकाच स्पष्ट दिसतो. प्रथम पाहणारा टेबलावरचे बोलणे ऐकतो, कारण कथा तिथे चाललेली असते. कथा माहीत असलेला मुलाकडे पाहतो : त्याचे आयुष्य त्याच्या पाठीमागे ठरते आहे आणि त्याला पत्ताही नाही. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने रुंद कोनाची भिंगे, तीव्र प्रकाश आणि भिंगाचे बारीक छिद्र यांच्या साह्याने पुढचे आणि मागचे एकाच वेळी रेखीव ठेवले, म्हणून ही निवड प्रेक्षकाच्या हाती राहते. आणखी बारकाईने पाहणाऱ्याला टेबलावरची उंच हॅट किंचित हललेली दिसते, कारण कॅमेरा जाऊ देण्यासाठी बाजूला घेतलेले टेबल नुकतेच जागेवर सरकवलेले असते. हे दिसले म्हणून दृश्याची जादू ओसरत नाही. त्यामागे किती माणसांचे हात होते याची जाणीव मात्र तेव्हा प्रथमच होते.

जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपटांना बंदी होती, त्यामुळे 'केन' तिथे 1946 मध्ये पोहोचला. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने तो अमेरिकेत पाहून आधीच त्याच्याविषयी नापसंती नोंदवली होती. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँने त्याच्या खोल चौकटींची, म्हणजे पुढचे आणि मागचे सारखेच स्पष्ट दाखवणाऱ्या दृश्यांची, बाजू घेतली. संकलन प्रेक्षकाला बोट धरून नेते आणि खोल चौकट त्याला मोकळे सोडते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. गंमत अशी की बाझाँने ज्याचे विस्ताराने विवेचन केले ते केनची बायको सुझन हिच्या विषप्राशनाचे दृश्य, म्हणजे पुढे प्रचंड मोठा पेला आणि मागे दूरचे दार, एकाच भिंगाने एका दमात टिपलेले नव्हते. ते फिल्मवर दोनदा छायांकन करून साधलेले होते. तंत्राबद्दल बाझाँचा अंदाज चुकला, पण दृश्याचा परिणाम त्याने अचूक ओळखला होता. 1951 मध्ये 'काये द्यु सिनेमा' हे मासिक निघाले आणि सिनेमातेकमधली तीच मुले त्यात लिहू लागली. पुढे त्यांनी काढलेल्या चित्रपटांत त्यांनी पाहिलेले जुने चित्रपट जागोजागी डोकावतात.

अमेरिकेत 'केन'ला जीवदान मिळाले ते अगदी व्यापारी कारणाने. निर्मिती कंपनीने 1955 मध्ये आपला जुना साठा दूरचित्रवाणीसाठी विकला आणि पुढच्या वर्षापासून तो घराघरांत दिसू लागला. ब्रिटिश नियतकालिक 'साइट अँड साउंड'ने 1952 मध्ये समीक्षकांचा पहिला कौल घेतला होता, त्यात इटालियन दिग्दर्शक द सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला आणि 'केन' पहिल्या दहांतही नव्हता. 1962 मध्ये तोच 'केन' अग्रस्थानी गेला आणि 2012 मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ओढेपर्यंत तिथेच राहिला. दहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती.

भारतात ही वाट 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी काढलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून सुरू होते. 1950 मध्ये लंडनच्या मुक्कामात राय यांनी जवळपास शंभर चित्रपट पाहिले आणि त्यांतील 'बायसिकल थीव्ह्ज'ने आपला निश्चय पक्का केला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे पुण्यात 1960 मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. प्रा. सतीश बहादूर यांनी राय यांच्याच 'पथेर पांचाली'चे दृश्यागणिक विश्लेषण शिकवायला घेतले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून प्रती जमवल्या. एकाकडे अध्यापन आणि दुसऱ्याकडे प्रती, यांच्या मेळातून रसास्वादाचे वर्ग उभे राहिले.

व्हिडिओ आल्यावर पुन्हा पाहणे संस्थेच्या कृपेवर अवलंबून राहिले नाही. 1984 मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर, म्हणजे घरी चित्रपट पाहण्याच्या तबकडीवर, चित्रपट-इतिहासकार रोनाल्ड हेव्हर यांचे निवेदन जोडले गेले आणि चित्रपट चालू असतानाच जाणत्याचे बोलणे ऐकण्याची पद्धत रूढ झाली. आता कोणतीही चौकट थांबवून न्याहाळता येते. यात फायदा उघड आहे. तोटा एवढाच की चित्रपटाचा काळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहत नाही, आणि ताणलेल्या क्षणाचा ताण थांबवणाऱ्याला कळत नाही.

म्हणूनच 'साइट अँड साउंड'च्या 2022 च्या कौलाचा निकाल मला अर्थपूर्ण वाटतो. सोळाशेहून अधिक जणांनी दिलेल्या मतांत शांताल आकेरमानचा 'ज्याँ दिएलमान' हा 1975 चा चित्रपट पहिला आला. आधीच्या यादीत तो पस्तिशीच्या आसपास होता, त्यामुळे ही झेप काहींना खटकली. तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटात ब्रसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस आहेत आणि कॅमेरा एकदाही हलत नाही. पहिल्या दिवशी तिची कामे ठरल्या क्रमाने पार पडताना दिसतात. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, पुढे अंगरख्याचे बटण लावायचे राहते. कोणी काही समजावून सांगत नाही, तरी प्रेक्षक दचकतो, कारण आदल्या दिवशीचा क्रम त्याने संपूर्ण, कंटाळा सोसून पाहिलेला असतो. क्लबांना, संग्रहालयांना आणि लेझरडिस्कना जे काम करावे लागत होते ते इथे चित्रपटानेच आपल्या पोटात घेतले आहे : तीच कृती दुसऱ्यांदा दाखवणे. फटाफट पुढे ढकलत पाहणाऱ्याला मात्र त्यात बटाटे सोलणारी एक बाई एवढेच दिसेल.