सॅक्सनांचे सक्तीचे ख्रिस्तीकरण

फ्रँक राजा शार्लमेन याने इ. स. ७७२ ते ८०४ या काळात आजच्या उत्तर जर्मनीतील सॅक्सन लोकांना तलवार, कायदा आणि हद्दपारी यांच्या जोरावर ख्रिस्ती केले. आरंभीच्या मध्ययुगातील राजसत्तेने लादलेल्या धर्मांतराचे हे सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

सॅक्सनांना एक राजा नव्हता. वेस्टफालियन, आंग्रियन, ओस्टफालियन असे त्यांचे गट होते आणि एकाने केलेला तह दुसरा मानेलच असे नाही. ७७२ मध्ये शार्लमेनने एरेसबुर्गचा किल्ला घेतला आणि इर्मिनसूल हे श्रद्धास्थान उद्ध्वस्त केले. इर्मिनसूल म्हणजे उघड्यावर उभा केलेला प्रचंड लाकडी खांब. सारे विश्व तो तोलून धरतो, अशी लोकांची भावना होती. तिथले सोनेनाणे राजाने नेले.

७७७ मध्ये पाडरबॉर्नच्या सभेत मोठ्या संख्येने सॅक्सनांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा पुढारी विडुकिंड मात्र डेन लोकांच्या आश्रयाला गेला होता. इथून पुढे बाप्तिस्मा आणि राजनिष्ठा यांत फरक उरला नाही. धर्म सोडणे हा राजद्रोह ठरला. ७८२ च्या उठावानंतर आल्लर नदीकाठी फेर्डन येथे एका दिवसात ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद केल्याचे फ्रँकांच्या राजदरबारी बखरीतच नोंदलेले आहे. हा आकडा फुगवलेला असावा, असे काही इतिहासकार मानतात. पण विजेत्याच्या बखरकाराला तो लपवावासा वाटला नाही, हे विसरता येत नाही.

याच सुमारास सॅक्सन प्रदेशासाठी जे फर्मान काढले गेले, ते मुळातून वाचण्याजोगे आहे. बाप्तिस्मा टाळून लपून राहिल्यास मृत्युदंड. पूर्वजांच्या रीतीने मृतदेहाला अग्नी दिल्यास मृत्युदंड. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात धर्माचा अवमान म्हणून मांस खाल्ल्यासही मृत्युदंड. मूल वर्षाच्या आत बाप्तिस्म्याला आणले नाही, तर सरदाराला १२० सॉलिडी (त्या काळचे चलन), स्वतंत्र माणसाला ६० आणि अर्धदासाला ३० दंड होता. गुन्हा उघडकीस येण्याआधी स्वतः धर्मगुरूकडे जाऊन कबुली देणाऱ्याला त्याच्या साक्षीवर जीवदान मिळे. म्हणजे जगणे-मरणेही चर्चच्या हाती गेले. शिवाय प्रत्येकाने उत्पन्नाचा दशांश चर्चला द्यायचा.

त्या काळची एक बाप्तिस्म्याची शपथ प्रश्नोत्तररूपाने टिकून आहे, आणि ती लोकांच्या बोलीत आहे. सैतानाला सोडतोस का, असे विचारले जाई. ‘सोडतो’ म्हणून उत्तर देताना थुनेर, वोडेन आणि साक्सनोट या आपल्या देवांची नावे घेऊन त्यांनाही नाकारावे लागे. आजोबा-पणजोबांचे देव असे नाव घेऊन टाकावे लागणे किती जिव्हारी लागले असेल!

७८५ मध्ये आटिन्यी येथे विडुकिंडने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धर्मपिता स्वतः शार्लमेन होता. तरी उठाव थांबले नाहीत. या सक्तीला विरोध चर्चमधूनही झाला, ही फार मोलाची गोष्ट. दरबारातील विद्वान अल्कुइन याने ७९६ मध्ये पत्रांतून बजावले की श्रद्धा ही स्वेच्छेची बाब आहे, आणि दशांशाच्या वसुलीनेच सॅक्सनांची श्रद्धा मोडली. ७९७ च्या नव्या फर्मानात अनेक मृत्युदंडांच्या जागी दंडाच्या रकमा आल्या.

८०४ मध्ये एल्बे नदीच्या दोन्ही काठांवरील दहा हजार लोकांना बायकामुलांसह उठवून फ्रँक मुलखात विखरून बसवले, असे शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. त्यानंतर जवळपास चार दशकांनी, ८४१ मध्ये, शार्लमेनचा नातू सम्राट लोथार याने ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या चालीरीती परत देण्याचे आश्वासन देताच सामान्य सॅक्सन ‘स्टेलिंगा’ नावाने पुन्हा उठले. ते बंड पुढच्याच वर्षी चिरडले गेले.