एका दिवसाचा पगार आणि मागण्याची रीत

लंडनमधल्या डॉइश बँकेने कर्मचाऱ्यांना एका दिवसाचा पगार समाजकार्यासाठी देण्याचं आवाहन केलं, तेव्हा ते सगळ्यांपर्यंत एकाच पद्धतीने पोहोचवलं नाही. माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनमधल्या 'बिहेव्हियरल इनसाइट्स टीम'ने त्यात एक प्रयोग बेतला होता. काहींना 'प्रिय सहकारी' अशी सरसकट ई-मेल गेली, काहींना त्यांच्या नावाने गेली. काहींना सकाळी ऑफिसात शिरताना स्वयंसेवकांनी गोड गोळ्यांची छोटी पुडी दिली, तर काहींच्या वाट्याला पुडी आणि नावाची मेल दोन्ही आलं. सरसकट मेलवर ५ टक्के लोकांनी पगार दिला. गोळ्या मिळालेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं, नावाने मेल आलेल्यांत १२ आणि दोन्ही मिळालेल्यांत १७ टक्के.

संस्था त्याच, रक्कम तीच, करसवलतही तीच. बदलली ती फक्त मागण्याची रीत. सगळ्यांना उद्देशून आलेलं आवाहन प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच आहे असं वाटतं. नाव घेतलं की ते आपल्यापाशी येऊन थांबतं. पुडीचं काम आपल्याला समजायला सोपं आहे: शेजारणीकडून आलेला डबा आपण रिकामा परत पाठवत नाही.

२०१३ साली या गटाने असे बरेच प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. त्यातला इंग्लंडमधल्या साउथएंडच्या कर कार्यालयातला प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे आधीपासून पगारातून दान देणाऱ्या सहकाऱ्यांचा शुभेच्छा संदेश इतरांना पाठवला गेला. नुसत्या संदेशाने २.९ टक्के लोक सामील झाले. त्यावर देणाऱ्याचा फोटो लावला, तर ६.४ टक्के. हातात पैसा नव्याने आला नव्हता. बाजूच्या टेबलावरचा माणूस देतो, एवढंच ठळकपणे दिसलं.

मात्र जी ओढ माणसाला द्यायला लावते, तीच दडपणही होऊ शकते. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोजवळ दारोदार वर्गणी मागण्याचा अभ्यास केला. कधी येणार याची चिठ्ठी काही दारांवर आधी लावली आणि तिच्यात 'आमच्याकडे येऊ नका' अशी खूण करायची सोय ठेवली. दान २८ ते ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे एरवी देणाऱ्यांपैकी बरेचजण समोरच्याला नाही म्हणवत नाही म्हणून देत होते. ऑफिसात तर समोर साहेब असतो.

केरळमध्ये २०१८च्या महापुरानंतर सरकारी कर्मचाऱ्यांकडे एक महिन्याचा पगार मागितला गेला. ज्याला द्यायचा नाही, त्याने तसं लेखी कळवायचं होतं. उच्च न्यायालयाने ही अट रोखली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पूरग्रस्तांची गरज खरी होती. पण घरात आजारपण असलेल्या कारकुनाने 'मी देणार नाही' असं सहीनिशी का लिहून द्यावं?

गप्प राहणं म्हणजे होकार, हे तत्त्व दुसऱ्या जागी मात्र शोभतं. ब्रिटनच्या 'होम रिटेल ग्रुप' या दुकानं चालवणाऱ्या कंपनीत पगारातून दान देणाऱ्या नव्या लोकांपैकी ६ टक्केच लोक दानात दरवर्षी ३ टक्के वाढीचा पर्याय घेत. तीच वाढ गृहीत धरून, नको असेल त्याने खूण करावी, असं केल्यावर हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेलं. ही माणसं दानाला आपणहून आधीच तयार झालेली होती. त्यांच्याकडे फक्त पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरण्याचा कंटाळा होता.

आपल्याकडे दुष्काळ किंवा महापूर आला की मुख्यमंत्री सहायता निधीसाठी एक दिवसाचं वेतन दिलं जातं. कित्येक कचेऱ्यांत नाव-रकमेची यादी टेबलाटेबलावरून फिरते आणि वरच्या नावापुढे ५०० दिसले की खालचा ५०० लिहितो. त्या यादीऐवजी रोज सोबत डबा खाणाऱ्या सहकाऱ्याने स्वतः का देतो हे सांगावं, संमतीचा फॉर्म थेट अकाउंट्सकडे जावा आणि कुणी किती दिले हे साहेबाला कळू नये. फॉर्म भरायचा तो देणाऱ्याने; न देणाऱ्याला काहीही लिहावं लागू नये.