दीपगृहाकृती बंगली

एखाद्या जुन्या दीपगृहाचा घाट (आकार) घेऊन सुटीतल्या मुक्कामासाठी बांधलेले छोटे घर. निमुळता गोल किंवा अष्टकोनी मनोरा, माथ्याभोवती कठड्याचा सज्जा, त्यावर काचेचे दीपदालन आणि घुमट ही त्याची मुख्य अंगे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगरमाथा आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा तापोळा-बामणोलीकडील काठ या घाटाला शोभतो. मात्र येथे लाटांऐवजी पाऊस आणि भूकंप यांच्याशी गाठ आहे.

घाटाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो अलेक्झांड्रियाच्या फॅरोस या प्राचीन दीपगृहापर्यंत (इ. स. पू. सुमारे २८०) नेतात. पण फॅरोस खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल असा तीन टप्प्यांचा होता. सलग निमुळता बाक त्यात नव्हता. हा बाक इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनच्या, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील खडकावरच्या एडिस्टोन दीपगृहाने (१७५६–५९) रूढ केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तळाशी सुमारे ८ मी. आणि माथ्याशी सुमारे ५ मी. व्यासाच्या या मनोऱ्याचे दगड एकमेकांत खाचा करून गुंतवले होते. आकार ओक वृक्षाच्या बुंध्यावरून सुचल्याचे स्मीटनने सांगितले. स्कॉटिश दीपगृह-अभियंता ॲलन स्टीव्हन्सनने पुढे ही उपमा अमान्य केली : झाड तंतूंच्या चिवटपणावर उभे राहते, दगडी मनोरा स्वतःच्या वजनावर. बांधकामाच्या दृष्टीने स्टीव्हन्सनचे म्हणणेच पटते. स्मीटनच्या मनोऱ्याच्या पायाखालचा खडक झिजल्याने १८८२ मध्ये शेजारी नवे दीपगृह उभे राहिले. जुन्याचा वरचा भाग प्लिमथ येथे हलवला गेला, बुंधा अजून खडकावर आहे.

अष्टकोनी घाटासाठी अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचे दीपगृह (१८६७) हा जवळचा नमुना. दीपमाळेशी नाते जोडण्याचा मोह होतो. शिखर शिंगणापूरच्या दीपमाळाही निमुळत्याच. परंतु दीपमाळ बहुधा भरीव असते आणि दिवे तिच्या बाहेरच्या हातांवर लागतात. साम्य बाह्यरेषेपुरते आहे.

बांधणी : जोत्याशी बाहेरचा व्यास ५.४ मी., ९ मी. उंचीवर ४.२ मी. आणि भिंत ४० सेंमी. धरली, तर आतली जागा तळाशी सुमारे १६.६ आणि वर ९ चौ. मी. मिळते. वरच्या मजल्यावर १.५ मी. व्यासाचा गोल जिना वजा जाता सव्वासात चौ. मी. उरते, म्हणून स्वयंपाकघर व न्हाणीघर खालीच घ्यावे. तिरक्या भिंतीला ओळंबा थेट लावता येत नाही. मध्यबिंदूत लोखंडी पाइप रोवून त्यावर फिरती पट्टी बसवतात आणि प्रत्येक रद्द्याला (बांधकामाच्या आडव्या थराला) पट्टी आखूड करतात. २० सेंमी.च्या ४५ रद्द्यांत त्रिज्या ६० सेंमी. घटवायची. सरळ उतारात दर रद्द्याला १३ मिमी. येतात, एडिस्टोनचा बाक हवा असेल तर खालच्या १५ रद्द्यांत प्रत्येकी २७ मिमी. आणि पुढे सुमारे ७ मिमी. पाइप केसभर कलला तर सारा मनोरा त्या बाजूला जातो. दर पाच रद्द्यांनी तो काटकोनातल्या दोन बाजूंनी ओळंब्यात तपासावा लागतो. अष्टकोनात गवंड्याला हा त्रास बराच कमी.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव पाहता या भागात नुसती जांभ्याची भिंत पुरेशी नाही. जोते, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि प्रत्येक मजल्याचे छत या पातळ्यांवर सलग आरसीसी पट्टा आणि दारा-खिडक्यांच्या बाजूंना उभ्या सळ्या हव्यात. खिडक्या एकावर एक आल्या तर तडा त्याच रेषेने धावतो. त्या जिन्याबरोबर फिरत्या ठेवाव्यात. जुन्या मनोऱ्यांतही बहुधा तशाच असतात.

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिमी. पाऊस पडतो. तिरक्या भिंतीवरून पाणी सुटून पडत नाही, अंगावरून वाहते. सज्जा हीच काय ती वळचण. त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आणि भिंतीशी मिळतो तिथे वाटा (कोपऱ्यातला गोलसर गिलावा) न मारल्यास पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल उतरते. पांढऱ्या ऑइलपेंटमागे ओल कोंडून पोपडे सुटतात. जांभ्याला चुन्याची सफेदी बरी, ती दरवर्षी दिवाळीनंतर द्यावी.

दीपदालन : घुमटावरचा गोळा अनेकांना शोभेचा वाटतो. मुळात तो तेलाच्या दिव्याचा धूर व बाष्प बाहेर काढणारी वाट होता. अनुकरणात तो बंद केला की थंडीच्या पहाटे काचांवर आतून पाणी धरते. गोळा पोकळ ठेवून तळाशी जाळीची झरोके द्यावीत. वळवाच्या विजांसाठी घुमटावर तडितरक्षक आणि तिथून थेट अर्थिंगपर्यंत तांब्याची पट्टी अपरिहार्य. हौसेने आत फ्रेनेल भिंग (दीपगृहाचा प्रकाश एकवटणारे कड्याकड्यांचे भिंग) बसवले तर दिवसा त्याभोवती जाड पडदा ओढून ठेवावा लागतो, कारण त्यातून एकवटलेले ऊन लाकूड व कापड पेटवू शकते. दीपगृहांचे रखवालदार याच कारणाने सकाळी दिवा मालवताच पडदे ओढत.