वेबसाइट झाली, पण गिऱ्हाईक तिथवर यायचं कसं?

व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकलं की प्रेसवाला आजही विचारतो, "खाली वेबसाइट टाकायची ना?" दुकानदार "टाका की" म्हणतो. मग सगळ्यात बारीक टायपात, ईमेलच्याही खाली, ती ओळ बसते. ही ओळ जुन्या सवयीतून आली आहे. गिऱ्हाईक कार्ड घरी नेईल, कॉम्प्युटर चालू करून समोर बसेल आणि तीन डब्ल्यूपासून सगळा पत्ता टाइप करेल, असं तेव्हा धरलेलं असायचं. आता तेच कार्ड एसटीत उभ्या माणसाच्या एका हातात असतं, दुसरा हात दांडीला असतो. तो टाइप करत नाही.

साइट फोनवर नीट दिसणं आणि गिऱ्हाइकाने ती उघडणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली बाहेरच्या लोकांनी सोडवली. दुसरी दुकानदाराच्या गळ्यात राहिली.

भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ३१ जुलै १९९५ला आणि विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं त्याच वर्षी १५ ऑगस्टला. जन्मात पंधरा दिवसांचं अंतर, पण दोघांची नीट गाठ पडायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मधल्या काळात वॅप नावाचा प्रकार होता, म्हणजे छोट्या पडद्यावर नुसत्या ओळी आणि प्रत्येक केबीला पैसे. मग मोबाइलसाठी वेगळी, हलकी साइट काढायची पद्धत आली. मोठ्या कंपन्यांना ते जमलं. मिठाईवाल्याने एकाऐवजी दोन साइट सांभाळायच्या, म्हणजे भाव बदलला की दोन ठिकाणी फोन करा. तो कशाला करतोय?

ईथन मार्कॉट या डिझायनरने मे २०१०मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' ही कल्पना मांडली आणि हा दुहेरी खर्च टळण्याची वाट निघाली. साइट एकच, पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. मराठी दुकानदाराची मात्र आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आपल्या कित्येक जुन्या साइट युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरवलेल्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, नव्हत्याच. ज्या फॉण्टमध्ये पत्रिका छापायची, त्याच फॉण्टमध्ये साइट. तो फॉण्ट फोनमध्ये नसला की 'पुरणपोळी'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. उपाय म्हणून लोकांनी अख्खं दरपत्रक फोटो काढून चढवलं. ते बोटांनी ताणून वाचावं लागे, आणि गूगलला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

गूगलने नोव्हेंबर २०१४मध्ये मोबाइलवरच्या शोधात 'मोबाइल-फ्रेंडली' ही चिठ्ठी लावायला सुरुवात केली आणि २१ एप्रिल २०१५पासून अशा पानांना झुकतं माप दिलं. बातम्यांत त्याला 'मोबाइलगेडन' असं प्रलयंकारी नाव पडलं. माझ्या ओळखीच्या एका लॉजवाल्याला त्या दिवसांत फोन आला, "साहेब, तुमची साइट गूगलवरून जाणार." घाबरून त्याने पैसे भरले. खरं तर बदल फक्त मोबाइलवरच्या शोधापुरता होता आणि एकेका पानाला लागू होता. लॉजचं नाव टाकून शोधणाऱ्याला तो सापडतच राहिला असता. ऑगस्ट २०१६मध्ये गूगलने ती चिठ्ठी काढूनही टाकली, कारण मोबाइलवर दिसणाऱ्या निकालांतली ८५ टक्के पानं तोवर त्या कसोटीला उतरत होती. म्हणजे पहिली अडचण जवळपास मिटली.

आता गिऱ्हाइकाला कळवायचं कसं? आधी एसएमएस होता. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं, देवनागरीत ७०. त्यातच साइटचा पत्ता बसवायचा, म्हणून दिवाळीच्या जाहिराती 'aamchi'च्या थाटात रोमन लिपीतून येत. २७ सप्टेंबर २०११पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, कडक नियम लागू झाले आणि ज्यांनी नको म्हणून नोंद केली होती त्यांना असे मेसेज पाठवणं बंद झालं. आता तर मेसेजमधली लिंकही आधी नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते. फसवणूक बघता ते योग्यच आहे, पण छोट्या माणसाला ती यातायात परवडत नाही.

टाइप न करता साइटवर नेणारी युक्ती मात्र कधीच तयार होती. जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी १९९४मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड बनवला. चुका भरून काढायची सगळ्यात वरची पातळी निवडून छापला तर जवळजवळ तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कारखान्यातल्या तेलासाठी केलेली ही सोय आपल्याकडे खानावळीतल्या रश्श्याच्या डागांना उपयोगी पडली.

पण आपल्याकडे क्यूआर घरोघरी पोचला तो नोटाबंदीनंतर, पैसे द्यायला. काळा-पांढरा चौकोन म्हणजे पैसे, हे समीकरण पक्कं झालं. कोरोनानंतर एका खानावळीत टेबलावर मेन्यूचा क्यूआर चिकटवलेला होता. शेजारच्या आजोबांनी सवयीने पैशाचं ॲप उघडून तो स्कॅन केला, ॲप काही घेईना. ते पोऱ्याला म्हणाले, "अरे, अजून पाणीसुद्धा आलं नाही, आत्ताच पैसे कसले?" दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा चौकोनावर स्केचपेनने लिहिलेलं होतं: 'हा मेन्यू आहे, पैसे नाहीत'. साइटच्या प्रचाराचं इतकं चोख वाक्य मी कुठल्या एजन्सीकडून ऐकलेलं नाही.

जानेवारी २०१८मध्ये व्यापाऱ्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप आलं आणि बऱ्याच जणांनी साइटचा नाद सोडला. काहींनी गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीतून, फुकट मिळणारी एकपानी साइट घेतली होती. ती फोनवर छान दिसायची, खर्च शून्य. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. काही दिवस तो पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता, जूनपासून तेही थांबलं. पाट्या, पिशव्या आणि टेम्पोच्या मागचे फाळके मात्र आधीच रंगवून झाले होते.