‘स्‌वचि फरिवा’

एका छोट्या कारखान्याची पाणबुडी पंपाची माहितीपुस्तिका मध्यंतरी हातात आली. दुसऱ्याच पानावर सूचना होती: ‘स्‌वचि फरिवा’. मालक म्हणाले, “स्क्रीनवर बघा ना, ‘स्विच फिरवा’ अगदी चोख दिसतंय. प्रिंटरच बिघडलाय.” प्रिंटरवर खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून तसाच पडला होता. हाराला माझी ना नाही, पण त्यानं वेलांटी जागेवर येत नाही. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चारदा काढून टाकल्यानंही येत नाही.

पुस्तिका हेल्प तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली. त्यात मजकूर एकदाच लिहितात. त्यातूनच स्क्रीनवरची मदत निघते आणि छापायची पीडीएफही. मजकूर एक, पण अक्षरं मांडणारे कारागीर दोन असू शकतात: स्क्रीनवर ब्राउझर, पीडीएफसाठी सॉफ्टवेअरचं स्वतःचं इंजिन. गोम तिथेच होती.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला, चिन्हाला एक क्रमांक देणारी पद्धत. त्यात शब्द साठतो तो उच्चाराच्या क्रमानं. ‘फिरवा’ म्हणजे २३४७, २३६७, २३५२, २३५७, २३६६. यातला २३६७ म्हणजे पहिली वेलांटी. ती ‘फ’नंतर साठवलेली, पण काढायची ‘फ’च्या आधी. ही उडी फाइलमध्ये लिहिलेली नसते, मांडणाऱ्या प्रोग्रॅमनं ती मारायची असते. नाही मारली, तर वेलांटी आहे तिथेच उभी राहते आणि पुढच्या ‘र’वर छत्री धरते. झालं ‘फरिवा’!

‘स्विच’मध्ये काम आणखी नाजूक. वेलांटी नुसत्या ‘व’ला ओलांडून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडून ‘स’च्याही आधी जावं लागतं. म्हणजे आधी जोडाक्षराची हद्द ठरवायची, मग चिन्हं हलवायची, मग फॉन्टमधल्या ओपनटाइप तक्त्यात, म्हणजे कुठे कोणता आकार वापरायचा त्या यादीत, पाहून अर्धा ‘स’ उचलायचा. रफाराची उडी उलट दिशेची: ‘सर्व’मधला ‘र’ साठतो ‘व’च्या आधी, पण बसतो ‘व’च्या डोक्यावर. त्यात मराठीची खास खोडी म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. समुद्रातला ‘र’ २३५२, डोंगरातला बहुधा २३५३. एकाचा रफार होतो, दुसऱ्याची आडवी पापणी. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही सगळी कसरत हर्फबझ नावाच्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचाकडून, करून घेतात. ‘मराठी संगणकाला झेपत नाही’ असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच राग येतो.

पीडीएफमध्ये मग उरतं ते फक्त ‘या फॉन्टमधलं हे चिन्ह या जागी ठेव’. तिथे चूक शिरली की प्रिंटर ती इमानेइतबारे छापतो. म्हणून आधी तीच पीडीएफ दुसऱ्या संगणकावर मोठी करून बघावी. अक्षरं तिथेही तशीच मोडलेली असली, तर दोष इंजिनाचा. तिथे अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर फॉन्ट पीडीएफमध्ये गुंफलेला नसावा. तिथे नीट आणि कागदावरच बिघाड असेल, तर अॅक्रोबॅटमधून पान चित्र म्हणून छापून बघावं. वेळ जास्त लागतो, कडा किंचित बोथट होतात, पण निभावतं.

आम्ही तोच मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात, काढला आणि ब्राउझरमधूनच पीडीएफ केली. वेलांट्या जागेवर आल्या. स्क्रीनची चित्रं मात्र पानभर ताणलेली, म्हणून पुसट. ९६० पिक्सेल रुंद चित्र ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम ८ सेंटिमीटर भरतं, ती लहान करावी लागली.

नव्या प्रती छापून आल्या. मालक खूश. संध्याकाळी त्यांच्या फिटरचा फोन आला, “साहेब, चौदाव्या पानावर ‘अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा’ लिहिलंय. कुठं दाबू?”