हातात काहीच नसतं तेव्हा

ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक. पेशंटला आत नेऊन दोन तास झालेत. फॉर्मवर सह्या करून झाल्या, फोन करून झाले. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि नेमके तेव्हाच ओठ हलायला लागतात. एरवी देवाचं नावही न काढणाऱ्याचेसुद्धा. याला हसणं सोपं आहे. पण ते याच वेळी का हलतात?

शंभर वर्षांपूर्वी मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथले कोळी किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासे धरायला निघाले की कसला मंत्र नाही, तंत्र नाही. खुल्या समुद्रात जायचं म्हटलं की मात्र साग्रसंगीत विधी. हाताचं कसब जिथे अपुरं पडतं, तिथून विधी सुरू होतो, असा त्याचा निष्कर्ष.

याची आधुनिक पडताळणी युद्धात झाली. २००६ साली लेबनॉनच्या युद्धात उत्तर इस्रायलमधल्या त्सफात गावावर रॉकेटं पडत होती. काही बायका गावातच राहिल्या, काही दक्षिणेला निघून गेल्या. दोन्हीकडच्या धार्मिक बायका स्तोत्रं म्हणत होत्या. रिचर्ड सोसिस आणि पेन हँडवर्कर या संशोधकांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. गावात राहिलेल्यांपैकी स्तोत्रं म्हणणाऱ्यांची चिंता कमी होती. निघून गेलेल्यांमध्ये मात्र स्तोत्रांनी काही फरक पडलेला दिसला नाही. देव तोच, शब्द तेच! संशोधकांचं म्हणणं असं, की रॉकेट कुठे पडणार हे कुणाच्याच हातात नव्हतं, तिथे स्तोत्र कामी आलं. गाव सोडलेल्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या, हातपाय हलवून सुटण्याजोग्या. त्या स्तोत्राने कशा सुटणार? अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. मुळात शांत स्वभावाच्या बायकाच स्तोत्रांकडे वळल्या असतील, ही शक्यता उरतेच.

मेंदूकडे पाहिलं तर गोष्ट आणखी रंगते. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवलं, की टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेली कुत्री पुढे सुटकेची वाट समोर असूनही गप्प पडून राहतात. प्राणी असहायता ‘शिकतो’, असं त्यांनी मांडलं. पुढे अनेक वर्षं उंदरांच्या मेंदूचा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये दोघांनी आपलंच म्हणणं उलटं केलं. (असं धाडस शास्त्रज्ञही क्वचितच करतात.) मोठा त्रास लांबत गेला की गप्प पडणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया, शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. ते उमगलं की मेंदूचा पुढचा भाग खालच्या, घाबरवणाऱ्या केंद्राला आवरतो. या जोडणीला सेलिगमन आशेचं सर्किट म्हणतात. प्रार्थना याच सर्किटला हात घालते, असं थेट सिद्ध झालेलं नाही. पण बाकावर बसलेल्या माणसाला करायला काहीतरी मिळालेलं असतं, एवढं नक्की.

आणि शरीरालाही काहीतरी मिळतं. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना कॅथलिक ख्रिश्चनांची लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला; एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं, आणि रक्तदाबाची आपली आतली लयही जवळपास तेवढीच. दोन्ही लयी जुळल्या की रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तल्लख होते. एक लॅटिन, एक संस्कृत, पण फुप्फुसांना फरक कळला नाही.

दुसऱ्या कुणी केलेल्या प्रार्थनेचं काय? २००६ मध्ये बायपासच्या १,८०२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. उपयोग दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे खात्रीने ठाऊक असलेल्यांमध्ये ऑपरेशननंतरची गुंतागुंत ५९ टक्के, प्रार्थना चालू असूनही तसं ठाऊक नसलेल्यांमध्ये ५२.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचं काम. त्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांपुढच्या ५९६ जणांची दोन वर्षं नोंद ठेवली. ‘देवाने मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेमच नाही’ असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त निघाला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. म्हणजे श्रद्धा असणं-नसणं एवढाच प्रश्न नाही; ती कशी आहे, हेही बघावं लागतं. देवावर रागावूच नये, असा याचा अर्थ घेऊ नका. आपल्या संतांनीही देवाला चांगलंच फैलावर घेतलं आहे. पार्गामेंटच्याच पुढच्या पाहणीत, ज्यांचं हे भांडण काही काळाने मिटलं त्यांची प्रकृती फारशी ढासळली नव्हती. ढासळली ती दोन वर्षांनंतरही तिथेच अडकून पडलेल्यांची. अशा माणसाला भेटायला येणारे बहुतेक जण ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ म्हणून निघून जातात, आणि त्याचं भांडण ऐकायचं राहूनच जातं.