हेडर बदलण्याआधी कॅटकडे बघा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात बाकावर दोन वस्तू शेजारी ठेवल्या होत्या. एक भाच्याच्या स्पोर्ट्स कारचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला जळका वायू गोळा करून बाहेर नेणारा भाग: आखूड, तांबूस गंज चढलेला, बुडाशीच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धुरातलं विष कमी करणाऱ्या "कॅट"चा, डबा वेल्ड केलेला. दुसरा, गाडीचं पिकअप गेलं म्हणून त्याने मॅनिफोल्डच्या जागी बसवायला मागवलेला स्टेनलेस स्टीलचा हेडर: चार लांब पाइप वळणं घेत एका तोंडात मिळणारे, वेल्डवर निळी-सोनेरी झाक. "मावशी, तूच सांग, बसवू ना?" हेडर इतका देखणा होता की नाही म्हणणं जड गेलं. पण त्या चार पाइपांत कॅट कुठेच नव्हता.

हेडरमागचं विज्ञान खरं आहे, हे आधी सांगते. इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेरे) असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा जळका वायू बाहेर फेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपमधून निघते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर. चार पाइप मिळतात तिथे जागा एकदम मोकळी होते, आणि तिथून लाट कमी दाबाची होऊन उलटी फिरते. व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असताना ती परत पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. मेख आहे ती वेळेची. पाइप ८० सेंटीमीटरचा असेल तर जाऊन यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ६००० आरपीएमवर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, शंभरेक अंश फिरतो, ३००० वर त्याच्या निम्मा. म्हणजे ठरावीक लांबीचा पाइप ठरावीक आरपीएमलाच साथ देतो. घोडबंदर रोडवर रोज दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला सहा हजारांवर जुळवलेला हेडर काय देणार? "इंजिनला थोडा बॅकप्रेशर (वायूला मागे रेटणारा दाब) लागतोच" असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, तेही बरोबर नाही. इंजिनला हवा असतो वायूचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की वायू रेंगाळतो आणि खालचं पिकअप जातं.

कॅटला हवी असते उष्णता. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो कामाला लागतो. पूर्ण तापला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करतो. तापेपर्यंत मात्र बरंचसं विष तसंच बाहेर पडतं. थंड गाडीचं ते पहिलं मिनिट कुठे जातं? सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, जिथे मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात. मला हे मिनिट फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणूनच उत्पादकांनी कॅट इंजिनच्या अगदी जवळ आणला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे भारताचं प्रदूषण मानक आलं आणि पेट्रोल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ८० वरून ६० मिलिग्रॅमवर आली. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचं प्रदूषणही चाचणीत धरलं जातं. अशा गाडीत लांब हेडर बसवायचा म्हणजे कॅट काढायचा किंवा मागे ढकलायचा. मागे ढकलला तर वाटेतच उष्णता हरवते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. प्रदूषण किंवा आवाजाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॅलिफोर्नियात तपासून मान्य झालेल्या सुट्या भागाला सरकारी क्रमांक मिळतो. तो क्रमांक दाखवून इथे विकणाऱ्याचं ऐकू नका, ती मान्यता तिथलीच. आणि "पीयूसी निघते की" हा युक्तिवादही टिकत नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.

जुन्या गाडीत कॅट बॉडीखाली, इंजिनपासून लांब असतो. तिथे विचार करायचाच तर आखूड हेडर बघावा: कॅट आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर जागचे न हलवणारा, जाड फ्लँजचा (इंजिनला बोल्टने जोडायच्या पट्टीचा). आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, तेव्हा साधं लोखंड नको, ३०४ स्टेनलेस घ्या. तेही फुगतं बरं का: अर्धा मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की जवळपास ५ मिलिमीटर लांबतो. त्याला हलायला वाव नसेल तर वेल्ड तडकतो. आणि आरटीओत विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

"पण पिकअप गेलंय त्याचं काय?" भाचा म्हणाला. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या जोडातून काढलेलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, उजेडात धरलं. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडापाशी काजळीची काळी रेघ होती, जोड आवळणारे दोन स्टडही तुटलेले. अशा फटीतून दोन झोतांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जास्त सोडतो. मिश्रण बिघडतं, कॅटही होरपळतो.

नवं गॅस्केट, नवे स्टड, मूळ मॅनिफोल्ड. मिस्त्रींनी नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत नेले, गाडी सुरू केली आणि कान जोडाजवळ नेला. फटफट बंद झाली होती.